बाजू बदललेला बखरकार : पेरो लोपेझ दे आयाला

आजचा आपला माणूस आहे पेरो लोपेझ दे आयाला. जन्म १३३२, मृत्यू १४०७. स्पेनमधल्या कास्तिल राज्याचा सरदार, मुत्सद्दी, कवी, आणि चार राजांच्या कारकिर्दींचा बखरकार. स्पॅनिश लोक ज्याला ‘क्रोनिका’ म्हणतात, म्हणजे वर्षावार लिहिलेला राजाचा इतिहास, त्याला आपण आज सोयीसाठी बखर म्हणू. दोन्ही प्रकार अगदी एक नाहीत, पण दरबारातल्या माणसानं दरबाराचा इतिहास लिहिणं म्हणजे काय, हे या शब्दानं आपल्याला पटकन कळतं.

आता अडचण काय आहे ती सांगतो. आयालाची सगळ्यात गाजलेली बखर आहे ती राजा पेद्रोची, ज्याला इतिहास ‘क्रूर पेद्रो’ म्हणून ओळखतो. हे ‘क्रूर’ विशेषण टिकलं ते मुख्यतः आयालाच्या लिखाणामुळे. आणि हा आयाला कोण? तर तेरा-एक वर्षं त्याच पेद्रोच्या पदरी नोकरी करून, ऐन संकटात त्याला सोडून शत्रूला जाऊन मिळालेला माणूस. पुढे तो शत्रू जिंकला, पेद्रो मारला गेला, आणि मेलेल्या राजाचा इतिहास या माणसानं लिहिला. मग अशा इतिहासावर विश्वास ठेवायचा का? ‘इतिहास जेते लिहितात’ असं म्हणून आपण मोकळे होतो. आमचं म्हणणं असं, की एवढ्यावर थांबणं हा आळस आहे. जेत्यानं लिहिलेला इतिहाससुद्धा तपासता येतो, आणि तो कसा तपासायचा हे शिकायला आयालासारखं दुसरं उदाहरण मिळणं कठीण.

आधी पार्श्वभूमी. १३५० साली कास्तिलचा राजा अकरावा आल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसलेला असताना प्लेगनं मेला. त्याच्या मागे औरस मुलगा एकच, पेद्रो, वय वर्षं पंधरा. पण आल्फोन्सोचं सारं आयुष्य गेलं होतं ते लिओनोर दे गुझमान या प्रेयसीच्या सहवासात, आणि तिच्यापासून त्याला बरीच मुलं होती. त्यातला एन्रिके, त्रास्तामाराचा काउंट, हा आपल्या कथेतला दुसरा राजा. आल्फोन्सोनं या मुलांना जहागिऱ्या, पदं, किल्ले भरभरून दिले होते. राणी, पेद्रोची आई, पोर्तुगालची मारिया, ती मात्र बाजूला पडलेली. आल्फोन्सो गेला आणि पारडं फिरलं. १३५१ साली लिओनोरला ठार केलं गेलं, तेही राजमातेच्या हुकुमानं. म्हणजे या सावत्र भावांमधलं वैर सुरू झालं तेच एका खुनापासून, आणि तेव्हा पेद्रो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आयाला घराणं उत्तरेकडचं, बास्क मुलुखाच्या आलावा भागातलं. वडील फेर्नान पेरेझ दे आयाला हेही दरबारात वजन असलेले. पेरो तरुणपणीच पेद्रोच्या सेवेत लागला. वयानं तो राजापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. १३५९ साली पेद्रोनं शेजारच्या अरागॉन राज्यावर जी आरमारी मोहीम काढली, तिच्यात तो अधिकारी म्हणून होता. पुढे टोलेडो शहरात राजाचा मोठा अंमलदार झाला. थोडक्यात, तो दुरून बघणारा नव्हता. ज्या राजवटीला त्यानं पुढे जुलमी ठरवलं, तिचा पगार त्यानं घेतलेला होता.

१३६६ साल उजाडलं. एन्रिके फ्रान्समधून भाडोत्री फौजा घेऊन आला. तिकडे फ्रान्स-इंग्लंड युद्धात मधेच तह झाल्यानं हे सैनिक रिकामे बसले होते आणि गावंच्या गावं लुटत होते. त्यांना कुठेतरी बाहेर काढणं फ्रान्सलाही हवंच होतं. बर्त्रां द्यू गेक्लां हा त्यांचा नावाजलेला सेनानी. मार्च महिन्यात काला-ओरा गावी एन्रिकेनं स्वतःला राजा म्हणून पुकारलं. पेद्रो तेव्हा बुर्गोसला होता. तिथले लोक शहर लढवायला तयार असताना तो तसाच निघून गेला, दक्षिणेकडे. इथेच आयाला बाप-लेक एन्रिकेकडे गेले.

आता बखरीत हा प्रसंग आयालानं कसा लिहिला, ते बघण्यासारखं आहे. ‘मी अमुक कारणानं राजाला सोडलं’ असं तो कुठेच म्हणत नाही. तो एवढंच नोंदवतो, की गोष्टी आता अशा थराला गेल्या होत्या की राजापासून निघालेले बहुतेक लोक परत न येण्याचं ठरवूनच निघत होते. बस्स. एका वाक्यात स्वतःचं पक्षांतर गर्दीत मिसळून टाकलं. खोटं बोलला का? नाही. खरं सांगितलं का? तेही पुरतं नाही.

पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १३६७ रोजी, नाहेरा इथे लढाई झाली. पेद्रोनं इंग्लंडच्या युवराजाची, ‘ब्लॅक प्रिन्स’ एडवर्डची मदत आणली होती. एन्रिकेचा धुव्वा उडाला. आयालाच्या हातात त्या दिवशी ‘बांदा’ या सरदारी पंथाचं निशाण होतं. तो पकडला गेला. बखरीत कैद्यांच्या यादीत त्यानं आपलं नाव दिलंय, ‘पेरो लोपेझ दे आयाला’ असं, तिऱ्हाईतासारखं. पळपुट्यांच्या गर्दीत स्वतःला लपवणारा हाच माणूस, आणि निशाण धरून कैद झालेल्यांत मात्र नाव लिहिणारा हाच! बखरकार कुठे दिसतो आणि कुठे अदृश्य होतो, हे नेहमी बघावं. तिथे त्याचा हेतू सापडतो.

ब्लॅक प्रिन्सशी ठरलेले पैसे पेद्रोला देता आले नाहीत, इंग्रज परत गेले, एन्रिके पुन्हा आला. मार्च १३६९ मध्ये मोंतिएल या किल्ल्यात पेद्रो कोंडला गेला. पेद्रोच्या एका सरदारानं द्यू गेक्लांला निरोप धाडला : राजाला निसटू द्या, काही गावं आणि दोन लाख सोन्याच्या दोब्ला घ्या. द्यू गेक्लांनं ही गोष्ट एन्रिकेच्या कानावर घातली, आणि पेद्रोला विश्वासानं आपल्या मुक्कामी बोलावून घेतलं. तिथे एन्रिके आला. कित्येक वर्षांत त्यानं भावाला पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखेचना. कोणीतरी सांगितलं, हाच तुमचा शत्रू. पेद्रो स्वतःच म्हणाला, होय, मीच. एन्रिकेनं खंजीर चालवला, दोघे जमिनीवर पडले, आणि भावाच्या हातून राजा मेला.

हे सगळं आम्ही सांगतोय ते आयालाच्याच आधारे. थोडं थांबून विचार करा. एन्रिके हा आयालाचा धनी, त्याच्या वैभवाचा दाता, आणि पुढच्या सगळ्या राजांचा मूळपुरुष. त्याच्या हातून झालेला हा भ्रातृवध एखाद्या हुजऱ्यानं कसा लिहिला असता? समोरासमोर द्वंद्व, धर्माचा विजय, देवाचा न्याय! आयाला मात्र लाच, वचनभंग, फसवून बोलावणं, ओळख न पटणं, सगळं जसंच्या तसं सांगतो. त्या तंबूत कोणी थोर ठरत नाही.

मग प्रश्न असा, की त्यानं आपली बाजू मांडली तरी कुठे? त्यासाठी तो लिहायला बसला तेव्हाची परिस्थिती बघायला हवी.

नव्या राजवटीत आयालाचं भलं झालं. व्हितोरिया आणि टोलेडो या शहरांत मोठी पदं, जमिनी, फ्रान्स आणि अरागॉनच्या दरबारात वकील म्हणून कामगिऱ्या. एन्रिकेनंतर त्याचा मुलगा पहिला हुआन गादीवर आला. त्यानं पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगितला, आणि १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताच्या लढाईत कास्तिलची दाणादाण उडाली. वय वर्षं ५३, आणि आयाला पुन्हा कैदेत! पोर्तुगालमध्ये लैरिया आणि ओबिदुश इथे त्याला ठेवलं होतं. सुटकेची रक्कम ठरली ३०,००० दोब्ला. ती जमवायला त्याची बायको लिओनोर दे गुझमान (ही वेगळी लिओनोर, राजाची प्रेयसी नव्हे), नातेवाईक, कास्तिलचा राजा आणि फ्रान्सचा राजा, सगळ्यांचा हात लागला.

कैदेत माणूस काय करतो? आयालानं ससाण्यांवर पुस्तक लिहिलं. शिकारी पक्षी कसे निवडावेत, कसे पाळावेत, त्यांची दुखणी आणि त्यावरचे उपाय. जून १३८६ मध्ये ओबिदुशला ते पुरं झालं. पुस्तकात पेरो मेनिनो या पोर्तुगीज जाणकाराच्या ग्रंथाचा आधार आहे, पण स्वतःचा अनुभवही भरपूर. याच काळात त्याच्या मोठ्या काव्याचाही काही भाग झाला असं मानतात. त्याकडे येऊच.

सुटल्यावर त्याच्या वाट्याला एक नाजूक काम आलं. पेद्रोची मुलगी कोन्स्तान्सा हिचं लग्न इंग्लंडच्या लँकेस्टरच्या ड्यूकशी झालं होतं, आणि हा ड्यूक बायकोच्या नावानं कास्तिलच्या गादीवर हक्क सांगत होता. १३८८ साली तह झाला. त्या वाटाघाटींत आयालाही होता. ठरलं असं, की कोन्स्तान्साची मुलगी कातालिना हिचं लग्न हुआनचा मुलगा एन्रिके याच्याशी व्हावं. म्हणजे मारलेल्या राजाची नात आणि मारणाऱ्या राजाचा नातू यांचा संसार! १३९० साली हुआन घोड्यावरून पडून मेला, अकरा वर्षांचा तिसरा एन्रिके राजा झाला, आणि पेद्रोची नात कास्तिलची राणी झाली. अज्ञान राजाच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या मंडळात आयालाही बसला. १३९८च्या सुमारास तो राज्याचा चॅन्सेलर झाला. म्हणून स्पॅनिश लोक आजही त्याला ‘चॅन्सेलर आयाला’ म्हणतात.

बखरींचं बरंचसं लेखन आणि पुनर्लेखन या उत्तरायुष्यातलं, असं अभ्यासक धरतात. आता त्याची कोंडी बघा. पेद्रो खरा राजा होता असं म्हणावं, तर एन्रिकेचं बंड म्हणजे राजद्रोह, आणि आयालाचं पक्षांतरही राजद्रोहच. बरं, पेद्रो राजा नव्हताच म्हणावं, तर सिंहासनावर बसलेल्या राणीच्या आजोबांचा अपमान. एन्रिकेच्या पक्षानं युद्धाच्या काळात अशी कुजबुज पसरवलीच होती की पेद्रो आल्फोन्सोचा मुलगाच नव्हे, पाळण्यात बदललेलं ज्यू पोर आहे. या कंडीवर आयालानं आपला इतिहास उभारला नाही.

त्यानं तिसरा मार्ग काढला. पेद्रो जन्मानं राजाच होता, पण त्यानं आपल्या कृत्यांनी राज्य गमावलं. हे तो भाष्य करून सांगत नाही. सालामागून साल, प्रकरणामागून प्रकरण, तो मृत्यूंची नोंद करत जातो. कोण मेला, कुठे मेला, कोणाच्या हुकुमानं, कोणाच्या हातानं. फ्रान्सहून आणलेली राणी ब्लांश : १३५३ मध्ये लग्न, दोनच दिवसांत राजानं सोडलेली, कैदेत ठेवलेली, १३६१ मध्ये मृत. आयाला म्हणतो, राजाच्या हुकुमानं. खजिनदार सामुएल लेव्ही, राजाच्या मर्जीतला ज्यू गृहस्थ : एकाएकी अटक, छळात मृत्यू. ग्रानादाचा सुलतान अबू सईद : १३६२ मध्ये आश्रयाला आला, सेव्हिलबाहेर मारला गेला, आणि पहिला भाला राजानं स्वतः मारला. वाचता वाचता वाचक आपणच म्हणतो, पुरे झालं आता, हा राजा जायला हवा. आणि तो खरंच जातो. युक्तिवाद आहे तो असा, घटनांच्या रांगेत.

याचा सगळ्यात प्रभावी नमुना म्हणजे मे १३५८ मधला फाद्रिकेचा खून. फाद्रिके हा एन्रिकेचा सख्खा भाऊ, सांतियागो या लढवय्या धर्मसंघाचा प्रमुख. राजासाठी एक गाव जिंकून तो सेव्हिलच्या राजवाड्यात मुजऱ्याला आला. राजा सोंगट्यांच्या पटावर खेळत बसला होता. गोड बोलला. फाद्रिके मग राजाची प्रेयसी मारिया दे पादिया हिला भेटायला गेला. तिला बेत माहीत होता, तिचा चेहरा उतरलेला. तो खाली अंगणात आला, तर आपली खेचरं जागेवर नाहीत आणि दरवाजे बंद. मग वरून बोलावणं आलं. गदा घेतलेले शिपाई धावले. तो हिसडा देऊन अंगणात पळाला, तलवार उपसायला गेला, पण मूठ पट्ट्यात अडकली, उपसताच येईना. त्याला खाली पाडल्यावर राजा त्याच्या माणसांना शोधत फिरला. त्यातला एकजण मारियाच्या दालनात शिरला आणि त्यानं राजाच्या लहान मुलीला ढालीसारखं पुढे धरलं. राजानं मुलगी काढून घ्यायला लावली आणि त्याला स्वतः भोसकलं. परत येऊन बघतो तर फाद्रिकेत धुगधुगी होती. आपला खंजीर एका नोकराच्या हातात देऊन त्याला संपवायला लावलं. आणि मग राजा जेवायला बसला. कुठे? जिथे प्रेत पडलं होतं तिथेच.

या सगळ्या वर्णनात ‘क्रूर’ हा शब्द यायची गरजच पडत नाही. अडकलेली मूठ, नाहीशी झालेली खेचरं, जेवण. एवढ्यावर काम होतं. पण इथेच आपण जागं राहायला हवं. मारियाचा उतरलेला चेहरा कोणी पाहिला? बंद दालनातलं कोणी सांगितलं? आयाला प्रस्तावनेत म्हणतो, की आपण स्वतः पाहिलेलं आणि विश्वासू सरदारांकडून ऐकलेलं लिहितो. खून झाला, तारीख खरी, राजाचा हुकूम खरा. पण प्रसंगाची बांधणी लेखकाची आहे. तथ्य आणि मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयाला पक्षपाती आहे तो दुसऱ्या गोष्टीत.

मांडणीचं आणखी एक साधन म्हणजे पत्रं. बखरीच्या दोन आवृत्त्या हस्तलिखितांतून आल्या आहेत, एक आटोपशीर आणि एक विस्तारलेली. विस्तारलेल्या आवृत्तीत ग्रानादाच्या एका मुसलमान विद्वानाची पेद्रोला लिहिलेली दोन पत्रं आहेत. नाव दिलंय ‘बेनाहातिन’. हा म्हणजे ग्रानादाचा वजीर, कवी आणि इतिहासकार इब्न अल-खतीब असावा, असं अभ्यासकांनी ओळखलं आहे. पत्रांत राजाला सबुरीचा उपदेश आहे आणि पुढच्या अंताची चाहूल आहे. त्यात वजिराचं किती आणि आयालाचं किती, हा वाद आहे. पण युक्ती बघा. राजावरची सगळ्यात कडक टीका बखरकार स्वतःच्या तोंडी घेत नाही. ती एका परधर्मीय शहाण्याच्या, राजाच्याच मित्रपक्षातल्या माणसाच्या तोंडी येते. मित्रच असं म्हणतोय म्हटल्यावर ऐकणाऱ्याला ते लवकर पटतं.

बरं, हा माणूस पक्षपाती होता हे ठरलं. तरी त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? दोन कारणं.

पहिलं, स्वतःच्या पक्षाला अडचणीच्या गोष्टी तो लपवत नाही. १३५५ साली एन्रिके आणि फाद्रिके यांची माणसं टोलेडोत घुसली आणि त्यांनी ज्यू वस्तीवर हल्ला केला. आयाला आकडा देतो : सुमारे १,२०० माणसं, बायकामुलांसकट. १३६० मध्ये नाहेरात एन्रिकेनं ज्यूंची कत्तल करवली, तेही तो लिहितो. एन्रिकेला खूश करायचं असतं तर ही पानं कोरी ठेवता आली असती. उलट पेद्रोची अखेर सांगताना तो शत्रूचं चित्र न्यायानं काढतो. उंच, गोरा, बोलताना जीभ जराशी अडखळणारा, शिकारी पक्ष्यांचा शौकीन, कष्टाळू, खाण्यापिण्यात बेताचा, झोप कमी. मग स्त्रियांचा नाद, धनाचा लोभ, आणि मारलेल्या माणसांची संख्या. गुण आधी, दोष नंतर.

दुसरं कारण, बाहेरचा पुरावा. पुढच्या काळात पेद्रोचे चाहते वाढले. ‘क्रूर’ नव्हे, ‘न्यायी’ पेद्रो असं म्हणायची पद्धत पडली. माजोरड्या सरदारांना वठणीवर आणणारा, गरिबांचा वाली. नाटकांनी हा पेद्रो लोकप्रिय केला. त्याच सुमारास अशीही वदंता होती की पेद्रोची एक ‘खरी’ बखर होती, हुआन दे कास्त्रो नावाच्या बिशपनं लिहिलेली, आणि ती जेत्यांनी दडपली. ती बखर काही सापडली नाही. याउलट सोळाव्या शतकात अरागॉनचा इतिहासकार हेरोनिमो झुरिता यानं आयालाची हस्तलिखितं ताडून पाहिली, अरागॉनच्या दप्तरातल्या कागदांशी त्याला परिचय होता, आणि त्यानं आयालाची बाजू उचलून धरली. १८४८ साली फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरिमे यानं पेद्रोचा इतिहास लिहिला तोही मुख्यत्वे आयालावर विसंबून. तपशिलात दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा टिकला.

मात्र एक सांगायला हवं. त्या काळात माणसं मारणारा पेद्रो एकटा नव्हता. त्याचा शत्रू अरागॉनचा राजाही काही मवाळ नव्हता. पेद्रोचं बालपण, आईनं करवलेला तो पहिला खून, सावत्र भावांची सततची बंडं, हे सगळं आयालाच्या बखरीत आहे, पण विखुरलेलं. त्यानं ते कारण म्हणून एकत्र गुंफलं नाही. ‘न्यायी पेद्रो’वाल्यांनी आयालाला खोटारडा म्हणायची गरजच नव्हती. त्याचीच माहिती वेगळ्या क्रमानं मांडली असती तरी वेगळा राजा दिसला असता.

आता त्या मोठ्या काव्याकडे. ‘रिमादो दे पालासिओ’, राजवाड्याचं काव्य म्हणू. दोन हजारांवर कडवी. सुरुवातीला पापांची कबुली, शेवटी बायबलमधल्या ईयोबाच्या कथेवरचं चिंतन, आणि मधे दरबाराचं उघडंवाघडं दर्शन. त्यातला एक माणूस विसरता येत नाही. राजाकडून थकलेला पगार मिळवायला तो दरबारात येतो. देवडीवरचे लोक आत सोडत नाहीत. हिशेबनीस आज-उद्या करतात. ज्याला भेटावं त्याचा हात पुढे. जवळचा पैसा संपतो, खेचर विकायची वेळ येते, आणि काम होत नाही. व्यापारीही सुटत नाहीत. दुकानात मुद्दाम अंधार ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला कापडातली खोट दिसू नये. वकील अशील नागवा होईपर्यंत खटला लांबवतात. सहाशे वर्षांपूर्वीचं आहे हे, पण कुठल्याही कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ते नव्यानं समजावून सांगावं लागणार नाही.

बखरीत जो माणूस दरबाराचा मुत्सद्दी आहे, तोच इथे दरबाराचा साक्षीदार. पण इथेही त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. याच काव्यात करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या ज्यूंबद्दल अत्यंत विखारी ओळी आहेत, गरिबांचं रक्त पिणारे वगैरे. आणि हाच आयाला १३९१ सालाबद्दल काय लिहितो? त्या वर्षी सेव्हिलपासून सुरू होऊन कास्तिल आणि अरागॉनच्या शहराशहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. लोक म्हणत होते, हा धर्माचा आवेश. राज्यकारभारात बसलेला आयाला बखरीत नोंदवतो, की ही भक्ती नव्हती, लुटीची हाव होती. पूर्वग्रह त्याच्यात होता. तरी समोर जे घडलं त्याला त्यानं दुसरं नाव दिलं नाही. बखरकार म्हणून त्याची किंमत इथे कळते.

शेवटची बखर, तिसऱ्या एन्रिकेची, अपुरी राहिली. मधल्या काळात तो बराचसा वेळ केहानाच्या आपल्या वाड्यात आणि मिरांदा दे एब्रोजवळच्या एका मठात घालवत असे. भाषांतरंही केली : रोमन इतिहासकार लिव्ही, फ्रेंचमधून. त्याचा भाचा फेर्नान पेरेझ दे गुझमान, तोही पुढे नावाजलेला लेखक झाला. त्यानं मामाचं शब्दचित्र काढलंय. उंच, सडपातळ, विवेकी, युद्धात आणि सल्ल्यात कसलेला, ग्रंथांचा वेडा. आणि पुढे न चुकता लिहितो, की स्त्रियांच्या बाबतीत मात्र एवढ्या शहाण्या माणसाला शोभेल त्याहून जास्त रमणारा! गुण आधी, दोष नंतर. मामाची पद्धत भाच्यानं मामालाच लावली.

आयाला १४०७ मध्ये वारला, तो काला-ओरा इथे. हो, तेच गाव, जिथे ४१ वर्षांपूर्वी एन्रिकेनं स्वतःला राजा म्हणवलं होतं. त्याला केहानात पुरलं. तिथल्या घराण्याच्या देवळासाठी १३९६ साली रंगवून घेतलेला वेदीवरचा चित्रपट आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात आयाला, त्याची बायको, मुलगा, सून गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतात. पहिली छापील पेद्रोची बखर सेव्हिलमध्ये १४९५ साली निघाली. म्हणजे ज्या शहरातल्या अंगणात फाद्रिके पडला, त्याच शहरात ती गोष्ट छापली गेली.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न. विश्वास ठेवायचा का? आमचं उत्तर : ठेवायचा, पण चार प्रश्न विचारून. लेखक स्वतः त्या वेळी कुठे होता? त्याचं नाव कुठे दिसतं आणि कुठे गायब होतं? स्वतःच्या बाजूला अडचणीचं असं काही त्यानं लिहून ठेवलंय का? आणि त्याचीच माहिती वेगळ्या क्रमानं लावली तर काय दिसतं? आयाला तीन प्रश्नांना बऱ्यापैकी उतरतो. ‘नाव कुठे गायब होतं’ या दुसऱ्या प्रश्नाला मात्र अडखळतो. १३६६च्या मार्चमध्ये बुर्गोसहून निघालेल्या राजामागे तो का गेला नाही, याचं उत्तर सरळ द्यायला त्याला जमलं नाही. त्याऐवजी त्यानं एका राजाचं सबंध आयुष्य लिहिलं. राजानं कोणाकोणाला मारलं याची ती यादी वाचून झाली, की आपण नकळत त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकतो. ते उत्तर देण्याआधी क्षणभर थांबणं, एवढंच वाचकाच्या हातात आहे. आणि ते थोडं नाही.